लसावि सरांचा नाटकाचा तास

मोठ्या बाई कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि येताना नाटक घेऊन आल्या. सातवीच्या मुलांना नाटक शिकवलं की मुलं धीट होतात, मोकळी होतात, त्यांचं व्यक्तिमत्त्व फुलतं, असं त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं. आहेत त्याहून मोकळी झाली तर त्यांना आवरणार कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता, पण विचारला कुणीच नाही. मुख्याध्यापिकेसमोर मान डोलवण्याचा अभिनय त्या खोलीत सगळ्यांनाच येत होता आणि त्यासाठी कुणाला नाटकाचा तास लागला नव्हता.

आता शिकवणार कोण, एवढंच उरलं. बाईंनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं आणि ते गणिताच्या सरांवर येऊन थांबलं.

"तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या. "तुमचा आवाज मोठा आहे."

या सरांना मुलं लसावि सर म्हणत. लघुतम सामाईक विभाज्य काढल्याशिवाय या माणसाचा तास सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. मुलांची मोठी भावंडं त्यांना हेच म्हणत आली होती, एका मुलाची आईसुद्धा हेच म्हणायची. सरांनी आयुष्यात दोन नाटकं पाहिली होती आणि दोन्हींत मध्यंतरानंतर त्यांना गाढ झोप लागली होती.

"बाई, मला नाटकातलं काही कळत नाही," सर म्हणाले.

"त्यात कळायचं काय आहे? मुलांना करू द्या, तुम्ही बसा." मग बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "आणि सातवीच्या गणिताचं तेवढं बघा. गेल्या परीक्षेचा निकाल बघून मला मान वर करायची सोय राहिली नाही. नव्या मॅडम आल्यात, त्यांची पदवीही मोठी आहे. वर्षाअखेर निकाल सुधारला नाही, तर गणित त्यांच्याकडे द्यावं लागेल. राग मानू नका."

सरांनी राग मानला नाही, ते घाबरले. गणित म्हणजे त्यांना नुसता विषय नव्हता. लग्नाकार्यात, शेजारीपाजारी, इतकंच काय, घरात जेवताना बायकोसमोरसुद्धा त्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही. ती बिचारी दोघांचं मिळून एकटीच बोलायची. पण खडू हातात आला की हा माणूस बदलायचा. फळ्यापुढे त्यांना विनोद सुचत, दाखले सुचत, एखाद्या रडक्या पोराला हसवायचं कसं तेही सुचे. गणित गेलं तर मागे काय राहणार होतं? मोठा आवाज.

तेव्हा नाटकाचा तास म्हणजे सरांना बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. त्यातून बाईंनी आणखी सांगितलं, "दार लावून घेत चला, मुलांना संकोच नको." सरांनी ती पडत्या फळाची आज्ञा मानली. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जुन्या स्नेहसंमेलनातला एक रंगवलेला राजवाडा होता, चाकांच्या चौकटीवर ठोकलेला. त्याची पाठ कोरी होती. सरांनी राजवाडा फिरवला, पाठीवर खडूनं मोठ्या अक्षरांत अपूर्णांकांची बेरीज लिहिली आणि म्हणाले, "करा सुरुवात."

मुलांची निराशा झाली. नाटकाच्या आशेनं एक मुलगा तर घरून मिशा घेऊन आला होता. पण सरांनी खरं ते सांगून टाकलं. तुमचा निकाल लागला नाही तर माझं गणित जाईल, म्हणाले. मोठ्या माणसानं आपल्यापुढे असं उघडं पडावं, याची मुलांना सवय नव्हती. मिशावाल्यानं मिशा खिशात घातल्या आणि वही काढली.

वर्गात एक उंच मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणत. ती मागच्या बाकावर बसायची आणि गणित आलं की अंगातला जीव गेल्यासारखी व्हायची. तिसऱ्या की चौथ्या तासाला सरांनी तिला पुढे बोलावलं. पाऊण अधिक पाच छेद सहा. शिडी खडू धरून उभी राहिली आणि थोड्या वेळानं घळाघळा रडायला लागली. नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि मोठ्या बाई आत आल्या.

दाराकडून राजवाडाच दिसत होता, बेरीज पलीकडे होती. पण चोराच्या मनात चांदणं.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं. "ही का रडतेय?"

सगळ्या वर्गानं शिडीकडे पाहिलं. मग शिडीच हुंदके देत बोलली, "बाई, मी राणी आहे. मी थोरल्या भावाला पाऊण राज्य दिलं. धाकट्याला सहातले पाच भाग दिले. आता भांडण लागलंय."

हे नाटक तिथेच संपलं असतं तर बरं. पण चुकीची बेरीज समोर उभी असताना गप्प बसणं सरांच्या रक्तात नव्हतं. "अगं, पण देशील कशी?" ते ओरडले. "नऊ बारांश आणि दहा बारांश, झाले एकोणीस बारांश. एका राज्यातून दीड राज्याच्या वर वाटायला काढलंस तू."

शिडीचं रडं थांबलं. ती सरांकडे बघत राहिली. "मग माझ्याकडे काय राहिलं?"

"राहतंय कुठलं? उलट तूच भावांचं देणं लागतेस."

"अरे देवा," शिडी म्हणाली. तिला अपूर्णांक कळला होता, जन्मात पहिल्यांदा.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "किती जिवंत," त्या म्हणाल्या आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

त्या दिवसापासून बाईंना चटक लागली. कधी पाहुण्यांना घेऊन, कधी नुसत्याच, त्या हॉलमध्ये डोकावू लागल्या. मग मुलांना प्रत्येक तासासाठी एक प्रसंग तयार ठेवावा लागे. दार वाजलं की भागाकार थांबायचा आणि खटला सुरू व्हायचा. ज्याला सगळे तबकडी म्हणत तो अखंड बोलणारा मुलगा वकील व्हायचा, कारण त्याला थांबवायला कुणीतरी न्यायाधीश लागायचाच. सरांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. पण चोरी करायची तर ती नीट करावी, म्हणून ते सूचना देऊ लागले.

"तू आत्ता भांडून आलायस ना? मग एवढा शांत श्वास कसा? बाईंना संशय येईल."

"सगळे एका रांगेत उभे राहू नका. खऱ्या गर्दीत कुणी रांगेत असतं का?"

"आधी समोरच्याचं ऐक, मग बोल. पाठ केल्यासारखं बोललास की पकडले जाऊ."

याला सर खबरदारी म्हणत. खबरदारीला मुलांचा अर्धा तास जाऊ लागला आणि सर घरीही जेवताना खबरदारीचा विचार करू लागले. एकदा बायकोनं विचारलं, "कसला एवढा विचार?" तेव्हा ते म्हणाले, "खुनी माणूस खून केल्यावर पाणी पिईल का?" मग पाण्याचा तांब्या तिनं स्वतःकडे ओढून घेतला.

वर्ष संपत आलं आणि सातवीचा निकाल लागला. शिडी चांगल्या गुणांनी पास झाली होती, मिशावाला पहिल्या पाचांत होता, नापास कुणीच नव्हतं. सरांना वाटलं, सुटलो. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा ते नवा शर्ट घालून गेले.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? नाटकानं काय जादू केली. नाटक आलं आणि गणितसुद्धा सुधारलं."

"थोडं गणितानंही सुधारलं असेल," सर हळूच म्हणाले.

"तुमचा विनय. आता स्नेहसंमेलनात सातवीचं नाटक. पालक बघू देत."

सरांकडे नाटक नव्हतं. त्यांच्याकडे सगळं होतं, खटले होते, भांडणं होती, वाटण्या होत्या, पण दार वाजल्यावर सुरू होऊन दार लागल्यावर संपणारी. दिवस थोडे राहिले आणि मुलांनीच तोडगा काढला.

"सर, आपलंच करू," शिडी म्हणाली. "एक सर असतात, नाटकाच्या तासाला चोरून गणित शिकवतात."

"वेड लागलंय का? सरळ बाईंच्या समोर?"

"स्टेजवर केलं की त्यांना ते नाटकच वाटेल," तबकडी म्हणाला. एवढं आखूड वाक्य तो वर्षभरात पहिल्यांदाच बोलला होता, म्हणून ते सगळ्यांना पटलं.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी शिडीनं सरांचं सोंग आणलं आणि विंगेत उभ्या असलेल्या सरांना स्वतःची पहिल्यांदा ओळख झाली. हा माणूस चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधतो. मूल चुकलं की आधी स्वतःच खजील होतो. "सोपं आहे रे, घाबरायचं काय," म्हणताना त्याचा हात पोराच्या डोक्याकडे जातो आणि मध्येच लाजून माघारी येतो. तबकडी मोठ्या बाई होऊन साडी सावरत आत आला तेव्हा हॉल हशानं दणाणला आणि सर्वांत मोठ्यानं मोठ्या बाईच हसल्या.

शेवटच्या प्रसंगात वर्ग सुटतो, सर एकटे फळा पुसतात आणि पडदा पडतो, असं ठरलं होतं. पण शिडी पुसता पुसता थांबली. हातातल्या फडक्याकडे बघत ती म्हणाली, "घरी मला बोलता येत नाही. इथे येतं."

हे तालमीत नव्हतं. सरांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती स्टेजकडे बघत नव्हती, विंगेकडे बघत होती.

पडदा पडला, वर गेला, टाळ्या थांबेनात. बाई स्टेजवर आल्या, त्यांनी सरांना ओढून पुढे आणलं आणि माईक घेतला.

"असा कलावंत आपण इतकी वर्षं आकडेमोडीत घातला," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. पुढच्या वर्षीपासून सर पूर्ण वेळ नाटकच शिकवतील, सगळ्या वर्गांना. गणिताची काळजी नको, ते नव्या मॅडम बघतील."

पुन्हा टाळ्या. सरांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्यांना कळलं की आपण नीट ऐकलं आहे. त्यांनी बाईंच्या हातातला माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "हे नाटक नाही. हे खरं आहे. मी वर्षभर तुम्हाला फसवलं. नाटकाचा एकही तास घेतला नाही, दार लावून गणितच शिकवलं. पाहिजे ती शिक्षा करा. पण गणित काढून घेऊ नका. मला दुसरं काही येत नाही हो. त्याच्याशिवाय मी कुणीच नाही."

आवाज मोठा होता, पण शेवटी तो फाटला. कुणीतरी नाक ओढलं. मग एक पालक उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. नव्या मॅडम रुमालानं डोळे टिपत होत्या.

"बघितलंत?" बाई भरल्या गळ्यानं शेजारच्या पाहुण्यांना म्हणाल्या. "अजून भूमिकेतून बाहेर आले नाहीत."

"बाई, मी खरंच सांगतोय," सर म्हणाले. टाळ्या वाढल्या.

त्यांनी मागे वळून पाहिलं. स्टेजवर सातवीचा वर्ग रांगेत उभा होता, आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये टाळ्या न वाजवणारे तेवढेच होते. शिडी पुढे आली. तिनं सरांचा हात धरला.

"सर, वाका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही वाकल्याशिवाय ते थांबायचे नाहीत."

सर वाकले.