सात नंबरची गादी आणि आईची मांडी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. सिनेमा थिएटरात बुटक्या मुलांना पडदा दिसावा म्हणून खुर्चीवर ठेवतात ना, तीच. पाठीवर सात नंबर आहे, एका कोपऱ्यातून काथ्या डोकावतो, आणि स्वभावाने मी जळकुकडी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की गादीने लपवून ठेवलं.

माझा जन्म थिएटरच्या मागच्या खोलीत झाला. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मोडक्या खुर्च्यांमधला काथ्या काढला, पिंजला आणि त्यातून आम्हा बारा बहिणींना भरलं. वर तपकिरी रेक्झिन चढवलं. कडेची शिवण त्याच्या बायकोने घातली, तीही दुहेरी. "पोरं बसणार आहेत, एकेरी शिवण आठवडाभर टिकायची नाही," असं ती म्हणाली होती.

आम्हाला सांभाळायचे बॅटरीकाका. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. जिन्याच्या कठड्यापर्यंत ज्याचं डोकं पोचत नसे, त्या मुलाला काका एक गादी द्यायचे. मूल माझ्यावर चढलं की एकदम उंच व्हायचं आणि इकडेतिकडे ऐटीत बघायचं. आया म्हणायच्या, "बघ, आता कसं छान दिसतंय." ते ऐकून मला धन्य वाटायचं.

पण ते सुख कधी शेवटपर्यंत टिकलं नाही. सिनेमा ऐन रंगात यायचा, पडद्यावर कुणी दुष्ट अवतरायचा, आणि माझ्यावरचं मूल टुणकन उडी मारून कुठे जायचं? शेजारच्या आईच्या मांडीवर. त्या मांडीला ना नंबर, ना शिवण. तासभर नुसती आरामात पसरलेली असते आणि रंगलेलं पोर फुकटात पळवते. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मांडी ही माझी सवत होती, आणि तिच्या नावाने मी वर्षानुवर्षं बोटं मोडत आले.

काकांची एक खास पद्धत होती. नव्या सिनेमाचा खेळ सुटला की झाडू मारायच्या आधी ते एकेका गादीवर तळवा ठेवायचे. गादी गरम असली की मूल शेवटपर्यंत बसलं. गार असली की मूल घाबरून मांडीवर पळालं. ओली असली तर काय झालं ते सांगायला नको. पुढच्या खेळाला लोक विचारायचे, "काका, लहानांना चालेल का हो हा?" मग काका आमच्या भरवशावर उत्तर द्यायचे आणि लोक त्यांच्या भरवशावर आत शिरायचे.

मागच्या महिन्यात एक अद्भुत साहसाचा सिनेमा लागला. उडणारी होडी, बोलणारं कासव, ढगावरचं गाव, सगळं होतं त्यात. आणि होता चिखल्या. तो पुलाखाली राहायचा, बाथरूमच्या जाळीतूनसुद्धा वर यायचा, आणि मुलांचे आवाज चोरून मडक्यात भरून ठेवायचा. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मोठ्यांसोबत लहानांना चालेल.' आता सोबत म्हणजे काय, ते पाटी कशाला सांगेल?

शुक्रवारी पहिल्या खेळाला लहान मूल एकच आलं. पाचेक वर्षांचा मुलगा, वजनाला इतका हलका की मी त्याला मनातल्या मनात बारक्या म्हटलं. सोबत वडील होते. त्यांनी मांडीवर पॉपकॉर्नचा भलामोठा डबा ठेवला आणि डब्याच्या झाकणावर मोबाईल. मांडीवर तसूभर जागा उरली नाही. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"घाबरायचं नाही हं," वडील म्हणाले. "वाघ आहेस ना माझा?"

बारक्याने मान हलवली.

मग पूल आला आणि पुलाखालून चिखल्या वर आला. बारक्याने दोन्ही हातांनी माझी शिवण पकडली. त्याने एकदा शेजारी पाहिलं. तिथे डबा होता. मला वाटलं, आता हा उठणार. पण तो उठला नाही. तासभर जागचा हललासुद्धा नाही. मी मांडीला म्हटलं, "काय बाईसाहेब, अखेर कुणाची सरशी झाली?" त्याची नखं मला बोचत होती. मी म्हटलं, बोचू देत, पोर माझ्याजवळ राहिलंय ना.

बाहेर पडताना वडील काकांना कौतुकाने म्हणाले, "हूं की चूं केलं नाही पठ्ठ्याने." काकांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "सात नंबर गरम. बारक्या पोरांनाही चालतोय म्हणायचा." शनिवारी दोन गाद्या गार निघाल्या, तेव्हा काका म्हणाले, ती पोरं लाडावलेली असतील. मलाही ते अगदी पटलं. माझा एवढा मोठा विजय मला कुणाला बिघडवू द्यायचा नव्हता.

रविवारी दुपारचा खेळ चालू होता. काका दाराबाहेर उभे होते, आणि एक बाई बारक्याचा हात धरून आली. ती त्याची आई होती.

"तुम्ही सगळ्यांना सांगताय म्हणे, हा सिनेमा लहानांना चालतो," ती म्हणाली. "शुक्रवारपासून हा मोठ्याने बोललेला नाही. नुसता कुजबुजतो. म्हणतो, आवाज काढला की तो ऐकेल आणि घेऊन जाईल. बाथरूमला एकटा जात नाही. घरी सगळे म्हणतात, होईल आपोआप. मला त्याचा आवाज ऐकायचाय हो."

काका गोंधळले. "पण ताई, तो अख्खा सिनेमा बसला होता. गादी गरम होती."

"गादी?"

काकांनी मला आणून तिच्या हातात दिलं. वरून मी चांगली दिसत होते. तिने मला उलटं केलं. शिवणीच्या खालच्या बाजूला नखांच्या आठ खुणा होत्या, चार इकडे, चार तिकडे. एका ठिकाणी तर रेक्झिन फाटलं होतं. तिने बारक्याची बोटं त्या खुणांवर ठेवली. ती बरोबर बसली.

काकांनी त्या खुणांवरून आपला तळवा फिरवला. मग म्हणाले, "माझा हात चुकला, ताई. मी आपला वरूनच बघत राहिलो."

मित्रांनो, काकांना निदान माहीत तरी नव्हतं. मला ती नखं लागत होती. मला सगळं कळत होतं, आणि तरी मी त्याला माझा विजय म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

काका बारक्यासमोर उकिडवे बसले. "शेवटी त्या चिखल्याचं काय होतं रे?"

"माहीत नाही," बारक्या कुजबुजला. "मी डोळे मिटले होते."

"कधीपासून?"

"पुलापासून."

आत तोच सिनेमा चालू होता आणि पूल यायला थोडाच वेळ होता. काका आईला म्हणाले, "आता चालेल की नाही, ते मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय. त्यालाच विचारा."

आईने विचारलं. बारक्याने विचार केला आणि हळूच म्हणाला, "शेवट बघायचाय. पण गादीवर नाही. तुझ्या मांडीवर."

माझ्या तोंडावर म्हणाला हो हे. माझ्या काथ्याचा नुसता जाळ झाला.

"उठूया म्हणालास की लगेच उठायचं. कबूल?" आई म्हणाली. त्याने मान हलवली. काकांनी त्यांना कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि मला शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिलं, अगदी रिकामी. सवतीच्या शेजारी बसून तिचं कौतुक बघायचं, आणखी काय वाईट असतं?

चिखल्या वर आला. बारक्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"गेला?"

"नाही अजून. काय करतोय ते सांगू?"

बारक्याने खांद्यातच मान हलवली. "नको. मीच बघतो."

आधी एक डोळा बाहेर आला, मग दुसरा. नीट बसायला आधार हवा म्हणून त्याने दोन्ही बूट माझ्यावर टेकवले. शेवटी पडद्यावर मडकं फुटलं, सगळे आवाज फुर्रकन उडून आपापल्या मुलांकडे गेले, आणि बिचाऱ्या चिखल्याला पहिल्यांदा स्वतःचा आवाज फुटला. तो होता बदकाच्या पिलासारखा.

"आई, याचा आवाज तर माझ्याहून बारीक आहे," बारक्या म्हणाला. कुजबुजला नाही, मित्रांनो. चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि खदखदून हसत माझ्यावर बूट आपटू लागला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी "शूऽऽ" म्हणालं. आईने त्याच्या केसांत तोंड लपवलं. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. खेळात बोलणाऱ्यावर बॅटरी मारणं हे काकांचं कामच. त्यांनी बॅटरी खिशात घातली.

खेळ सुटल्यावर काकांनी माझ्यावर तळवा ठेवला. "गार," ते म्हणाले. "या वेळी पोराने सिनेमा बघितला." मग त्यांनी फडक्याने माझ्यावरची बुटांची धूळ पुसली.

आता कुणी विचारलं, "लहानांना चालेल का हो?" की काका आधी विचारतात, "शेजारी कुणाची मांडी असणार आहे? आणि ती मोकळी असेल ना?"

तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. सिनेमाला येताना घरच्या मोठ्यांना सांगा, डबा आणि मोबाईल खाली ठेवा. आणि भीती वाटली तर वाघ होऊन गप्प बसू नका. खुशाल उठा माझ्यावरून आणि जा तिकडे. मी जळेन, चडफडेन, तिच्या नावाने बोटं मोडेन. माझ्याकडे मुळीच लक्ष देऊ नका.