दगडाचा ताप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत खोकणारे, मागे त्यांना धरून आणणारे आणि मधोमध चौथऱ्यावर भोपळ्याएवढा काळा दगड. महाराजांनी बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं त्यावर टाकलं, जरा वेळानं उचललं आणि एका म्हातारीला हात लावायला सांगितलं. दगड गार पडला होता.

"आता बघा. आजींचा ताप हा स्वतःच्या अंगावर घेणार."

दगडातून 'टक' असा आवाज आला. हळूहळू दगड माणसाच्या अंगासारखा ऊबदार झाला आणि म्हातारी ढसाढसा रडू लागली.

"डॉक्टरच्या गोळीनं ताप कुठं जातो? आत दडून बसतो," महाराज म्हणाले. "हा बिचारा तो सोसतो. पण गोळी घेतलीत की हा रुसला, मग माझ्याकडं रडत यायचं नाही." दगड रुसतो म्हणे, आणि तोही नेमका औषधांवर.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंनी तो 'टक' ऐकला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा आवाज त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्या तापमान ताब्यात कसं ठेवायचं ते शिकवत. महागडी यंत्रं घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात एक दिवा आणि अंडी उबवणाऱ्यांकडचा स्वस्त थर्मोस्टॅट बसवायचा. खोकं गार झालं की दिवा आपोआप लागतो, तापलं की विझतो, आणि दर वेळी 'टक' वाजतं. मुलं दर मिनिटाला तापमान वाचून कागदावर मांडतात.

ती खोकी अकरा वर्षं जोडून, मांडून, पुसून ठेवणारे प्रयोगशाळेचे मदतनीस आज त्यांच्याच शेजारी हात जोडून उभे होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. मामी पुढच्या रांगेत होत्या.

मामींना क्षय होता. दीड महिना गोळ्या घेतल्यावर ताप उतरला, त्याच आठवड्यात कुणीतरी इथं आणलं, आणि श्रेय दगडानं खाल्लं. गोळ्या बंद होऊन तीन महिने झाले होते. मामांनी आज सुट्टी मागताना हे सगळं कौतुकानं सांगितलं, तेव्हा बाई तास सोडून त्यांच्यामागं आल्या.

नुसतं ओरडून इथं मारच बसला असता. बाई पुढं गेल्या.

"महाराज, दगडाचा ताप मोजू का? आकडे लिहून ठेवते. लोकांना तुमचा मोठेपणा कळेल."

महाराज फुगले. "मोजा की. विज्ञानालाही पाणी पाजू."

बाईंनी पिशवीतून प्रयोगशाळेचा थर्मामीटर काढला. "मामा, हा तुम्ही धरा. दर मिनिटाला मोठ्यानं वाचा."

मामा वाचू लागले. सदतीस. साडेसदतीस. अडतीस, टक. मग उतरत छत्तीस, टक. पुन्हा चढ. अर्ध्या तासात बाईंच्या कागदावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली. त्यांनी ती मामांपुढं धरली. असले ढीगभर कागद मामांनी बाकांवरून गोळा केले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"पुढचा टक कधी, मामा?"

"अडतीसला," मामा पुटपुटले.

अडतीसला टक वाजला.

"आणि त्यानंतरचा?"

"छत्तीसला."

तोही वाजला. महाराज "दगड थकलाय, आता उठा" म्हणत पुढं झाले, पण मामांनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि दगड उलटा केला. आत पोकळ. वर सिमेंटचं पातळ कवच, मध्ये दिवा, बाजूला थर्मोस्टॅट आणि चौथऱ्यात शिरलेली तार.

"हे मी रोज जोडतो," मामा लोकांना म्हणाले. "ह्यात ताप घेणारं काही नाही. घरी जा आणि आपापल्या गोळ्या घ्या."

मामींना तिथूनच रुग्णालयात हलवलं. तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, जुन्या गोळ्या मध्येच सोडल्यानं रोग आता त्यांना दाद देत नाही, नव्या देऊन बघू. संध्याकाळी मामांनी खाटेशेजारी बसून मामींना सगळं समजावलं: दिवा, गार होणं, तापणं, टक.

"एवढंच होतं?" मामींनी विचारलं.

"एवढंच."

"तुम्हाला तर जोडता येत होतं. मग मला आधी का नाही सांगितलंत?"

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बाईच म्हणाल्या, "मी त्यांना कधी शिकवलंच नाही, मामी. मुलांना शिकवलं. ह्यांच्याकडून नुसती खोकी उचलून घेतली." हे बोलताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मामींकडं बघवेना.

पाचव्या आठवड्यात मामी गेल्या.

महाराजांचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पण तुम्हाआम्हाला जे चार धडे कळलेत, ते वर्गाच्या दाराआड ठेवून चालणार नाही. झाडणाऱ्याला सांगा, स्वयंपाकघरात सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. चमत्कार दिसला तर मोजा, लिहा, उलटा करून बघा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मामींनी केलं होतं.