मी रबरी शिक्का, पण होयबा नाही

मी एक रबरी शिक्का बोलतोय. हसलात ना? राजकारणात रबरी शिक्का म्हणजे मान डोलावणारा, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या तळाशी एकच शब्द कोरलाय: 'नामंजूर'. आता हसा!

माझा जन्म गव्हर्नर एनार टॉलेफसन यांच्या भिडस्तपणातून झाला. आमच्या या उत्तरेकडच्या राज्यात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलणं. एनार तर नावडती कॉफीसुद्धा पुन्हा मागून घेत. शेवटी त्यांच्या सचिव मार्लिस यांनी मला बनवून घेतलं. "तोंडाने जमत नाही ना? मग हाताने म्हणा," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे गव्हर्नर लोकच निवडतात; एनारना त्यांनी चार वेळा निवडून दिलं. रस्ते झाले, शाळा झाल्या. तिथे पेनाने सही. मी खणात पडून असे. बाहेर आलो की मात्र कुणाची गय नाही. त्यांच्या सख्ख्या आमदार मेव्हण्याने हरणांच्या शिकारीचं विधेयक आणलं, तेव्हाही मीच उमटलो. त्या नाताळला मेव्हणा जेवायला आला नाही.

मग खाणवाले आले. खाणीचं घाण पाणी टॅमरॅक तलावात सोडू देणारं विधेयक सभागृहात पास झालं होतं, फक्त सही हवी होती. तोच तलाव, जिथे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून अर्धं राज्य मासे धरत बसतं. कंपनीचा माणूस प्रेस्कॉट दूरच्या शहरातला. त्याने बराच वेळ समजावलं. एनारनी सगळं ऐकून घेतलं.

"हं. हे जरा वेगळंच आहे हो."

प्रेस्कॉट खूश! दारातूनच त्याने फोनवर 'काम झालं' सांगून टाकलं. अरे बाबा, आमच्याकडे 'वेगळंच आहे' ही जवळजवळ शिवी! मार्लिस हसू दाबायला खोकत राहिल्या.

पक्षाचा अध्यक्ष लोवेल मात्र इथलाच. त्याला बरोबर कळलं. तो धावत आला.

"एनार, खाणीकडची मतं गेली तर पाचव्यांदा निवडून यायचं विसरा. तिथल्या पोरांना काम हवंय."

"हवंय. कळतं मला."

"मग करा ना सही, शहाण्यासारखी!"

एनारनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. ती खुर्ची त्यांना फार प्रिय होती, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी खण उघडला. मी असा आपटलो की टेबलावरची कॉफी सांडली.

एनार निवडणूक हरले. मला विधानभवनाच्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. शोभेची वस्तू म्हणे! मला त्याचा संताप येतो.

काल मार्लिस आल्या होत्या. काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "ते विधेयक परत आलंय रे. नव्या गव्हर्नरबाईंच्या टेबलावर पडलंय. भली बाई आहे, पण तिलाही पुन्हा निवडून यायचंय."

मग बघत काय उभ्या राहिलात, मार्लिसबाई? फोडा ही काच! मला उचला आणि नेऊन ठेवा त्या टेबलावर. माझी अक्षरं शाबूत आहेत. शाई वाळली असेल, तर तलावाचं पाणी लावा. अजून स्वच्छ आहे ते.