‘गेले’ म्हणजे कुठे

सोल्वेगबाई येणार म्हणून आमच्या परळच्या बालगृहात आठवडाभर जो गोंधळ चालला होता, तो आठवला की आजही माझं डोकं उठतं. नॉर्वेची ही निवृत्त शिक्षिका आमच्या तुळसाचा खर्च तीन वर्षं पाठवत होती आणि आता तिला पहिल्यांदाच भेटायला येत होती. सेक्रेटरी सामंतांनी हुकूम काढला, मुलांनी चपला घालायच्या नाहीत, गरीब दिसली पाहिजेत.

मी म्हटलं, "मग दोन दिवस उपाशीही ठेवू का?"

"मीराबाई, तुम्ही अधीक्षिका आहात. तेवढंच बघा."

मुलांनी तोवर पाहुणीचं नाव सोलकढीबाई करून टाकलं होतं.

मला धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. मूळ घोळ माझा होता.

त्र्याऐंशी साली, गिरण्यांचा संप रेंगाळला तेव्हा तुळसाला तिची आत्या घेऊन आली. आई आधीच वारलेली. फॉर्म भरताना मी विचारलं, "वडील?"

"गेले," आत्या म्हणाली.

मी चुकचुकले आणि ‘मयत’ लिहून मोकळी झाले. आम्हा गिरगावातल्या लोकांत माणूस गेला म्हणजे गेलाच. परळ-लालबागला त्या वर्षी अर्ध्याअधिक चाळी ‘गेल्या’ होत्या, गिरणी बंद म्हणून गावाला. हे मला समजायला हवं होतं. दोन महिन्यांनी मयत कोंडीरामांचं राजापूरहून पोस्टकार्ड आलं : ‘गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. पोरीला तिथंच शिकू द्या.’

कार्ड घेऊन मी सामंतांकडे धावले. ते म्हणाले, "नॉर्वेवाले फक्त पोरकी मुलं घेतात. दुरुस्ती केलीत की पोरीचं नाव कटलं. मग शिकवा तिला नांगर धरायला."

मी ‘मयत’ तसंच राहू दिलं. तुळसाची पत्रं इंग्रजीत करून पाठवायचं काम माझंच. त्यातले बाबा मी तीन वर्षं गाळत राहिले.

सोल्वेगबाई आली. उंच, हाडकुळी, चालणं झपाझप. तुळसाला बघून रडली नाही, हे मला आवडलं. चहा संपवून तिनं इंग्रजीत विचारलं, "हिच्या वडिलांची कबर कुठे आहे? मला फुलं वाहायची आहेत."

सामंत अडखळलेसुद्धा नाहीत. "आमच्यात कबर नसते, मॅडम. रक्षा दादरच्या समुद्रात सोडली."

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! बाई पर्स घेऊन, तुळसाचा हात धरून उठलीच. "मग चला."

दादरच्या फुलबाजारात तिनं निशिगंधाच्या दोन जुड्या घेतल्या. टॅक्सीत तुळसाला ऐकू जाऊ नये म्हणून सामंत माझ्या कानाशी मराठीत कुजबुजले, "पोरीला म्हणा, समुद्राला फुलं वाहायचीत. कोळी नाही का नारळ वाहत? दहा मिनिटांचं काम."

मी तुळसाला तसं सांगितलं. खोटं बोलायची एव्हाना सवयच झाली होती. चौपाटीवर ती खुशीत पाण्यापर्यंत गेली. तेवढ्यात सोल्वेगबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, समुद्राकडे बोट दाखवलं आणि मुद्दाम शिकून आलेल्या चार मराठी शब्दांतला एक उच्चारला.

"बाबा."

तुळसानं आधी समुद्राकडे पाहिलं, मग हातातल्या फुलांकडे, मग माझ्याकडे.

"बाई, ही काय म्हणते? माझे बाबा मेलेत?"

"तुळसा, टाक ग फुलं, मग सांगते."

"नाही टाकणार! परवा तर पत्र आलंय त्यांचं, आंबा मोहरलाय म्हणून. जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडतात होय? तुमच्या घरी सोडतात?"

"काय म्हणते ती?" सोल्वेगबाईनं विचारलं.

"तिला फार दुःख झालंय," सामंत म्हणाले.

तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं. "दुःखबिःख काही नाही," मी इंग्रजीत म्हटलं. "तिचे वडील जिवंत आहेत. चूक मी केली आणि झाकलीही मी."

"मीराबाई!" सामंत ओरडले.

सोल्वेगबाई ओल्या वाळूतच बसली. "तीन वर्षं दर रविवारी मी त्या माणसासाठी मेणबत्ती लावते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तो हयात आहे, याचा मला आनंद आहे. पण तुमचा फार राग आलाय. आणि आमच्या नॉर्वेच्या संस्थेला मी खोटं सांगणार नाही."

तिनं खोटं सांगितलं नाही. महिन्याभरात तुळसाचं नाव कमी झालं. कोंडीराम न्यायला आले आणि व्हरांड्यात ट्रंकेवर मान खाली घालून बसले. पोरगी सातवीत, गावची शाळा चौथीपर्यंत. माझ्याच्यानं ते बघवेना.

"दहावीपर्यंत माझ्याकडे राहू द्या," मी म्हटलं. नवऱ्याला विचारलं नव्हतं, सासूबाईंना तर नाहीच.

दोन खोल्यांच्या आमच्या बिऱ्हाडात ट्रंक टेकली तशा सासूबाई म्हणाल्या, "ही झोपणार कुठे?"

"तुमच्या शेजारी."

"घोरते का ग तू?"

"नाही," तुळसा म्हणाली. "तुम्ही घोरता का?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं आत जाऊन कुकर लावला.