वळणावरचा फोटो

निवृत्ती गायधनीचं सातपूरला छोटं गॅरेज होतं. माझी स्कूटर दुरुस्तीला कायम त्याच्याकडेच असायची. २००२ साली नाशिकच्या कार रॅलीत त्याने स्वतःची जिप्सी उतरवली. तीन वर्षं प्रत्येक रविवारी खपून त्याने ती तयार केली होती.

"भारतभाऊ, घोटीच्या पुढं घाटात या. तिथं गाडी लय जवळून दिसती," तो म्हणाला.

मी ऑफिसात रजा टाकली आणि मेव्हण्याचा कॅमेरा मागून घेतला.

रॅली दोन दिवसांची. पहिल्या दिवशी निवृत्ती त्याच्या गटात पहिला आला. दुसऱ्या दिवशी मी घाटात पोहोचलो तेव्हा रस्ता बंद झाला होता. माणसं दरडीवर दाटीवाटीने बसली होती. मार्शल शिट्टी फुंकून सगळ्यांना दोरीमागे सारत होता. तिथून गाड्यांचे नुसते टप दिसायचे, मग धुरळा. मला निवृत्तीचा चेहरा हवा होता. मार्शलची पाठ वळताच मी दोरीखालून खाली उतरलो आणि वळणाच्या आतल्या अंगाला दबून बसलो.

जिप्सी आली. मी कॅमेरा डोळ्याला लावून उठलो, एक पाऊल पुढे टाकलं. निवृत्तीने करकचून स्टिअरिंग फिरवलं. गाडी कठड्यावर आदळून कलंडली.

लोक तिकडे धावले. मी उलटा, दरडीवर पळालो. वरून पाहिलं, दोघंही बाहेर आले होते. शेजारी बसून रस्ता सांगणारा, त्याच्या गॅरेजातलाच मेकॅनिक समाधान मनगट धरून खाली बसला होता. निवृत्ती मोडक्या चाकाकडे बघत उभा होता. मी घोटीला येऊन नाशिकची एसटी पकडली.

आठवड्याने गॅरेजवर गेलो. निवृत्ती म्हणाला, "कुणीतरी मधी आला. धुरळ्यात तोंड नाय दिसलं. वाचला, तेवढं बरं झालं."

"लोकांना अक्कलच नसते," मी म्हणालो.

कसं बोलून गेलो, आजही कळत नाही.

जिप्सी काही महिने ताडपत्रीखाली होती, मग भंगारात गेली. समाधानचं मनगट वाकडंच जुळलं. त्याला पाना नीट धरता येईना, म्हणून तो मनमाडला भावाच्या दुकानात बसायला लागला. निवृत्ती पुन्हा रॅलीत उतरला नाही.

चार वर्षांनी एका सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याच स्कूटरचा प्लग साफ करत होता. हात थांबले.

"तुम्हीच मला म्हणाला होता ना, लोकांना अक्कल नसते?"

"हो."

त्याने प्लग बसवला, किक मारून स्कूटर चालू करून दिली.

"काम झालं. पुढच्या वेळी दुसरीकडे दाखवा, भारतभाऊ."

बोलल्यावर मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. ते झालं नाही. चार वर्षं मी उगाच थांबलो. त्याच दिवशी दरडीवरून खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो असतो, तर निदान समाधानला उचलायला माझा हात लागला असता.