अकरा पावलं वाळू

समुद्रकाठच्या क्लबच्या काउंटरमागची मुलगी हातातल्या प्रवेशाच्या निळ्या कागदी पट्टीकडे पाहत राहिली होती. छताचा पंखा सावकाश फिरत होता. भिंतीपलीकडे समुद्र होता. इथवर पोचेपर्यंत त्याचा आवाज कोणीतरी ओलं कापड झटकावं तसा होऊन येई. इस्मे गिटन्सला तो आवाज एकतीस वर्षांच्या ओळखीचा होता. क्लबच्या मागच्या अंगाला असलेल्या लाँड्रीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि लाँड्रीच्या खिडक्यांतून फक्त गाड्या लावायची जागा दिसायची. समुद्र तिनं तिथे ऐकला, टॉवेलांतून पिळून काढला. पाहिला मात्र कधी नाही.

"एकच पट्टी?" मुलीनं अखेर विचारलं. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नीशेल असं नाव होतं. ती नवीन होती. काउंटरवरची, इस्मेला ओळखणारी माणसं एकेक करून केव्हाच निघून गेली होती.

"एकच. ह्याच्यासाठी." इस्मेनं व्हीलचेअरच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि तुम्ही, आंटी?"

"मी बाहेरून येते. दगडांच्या वाटेनं. पाण्यापाशी भेटेन त्याला."

व्हीलचेअरमध्ये बसलेला तिचा नवरा कार्लाइल भिंतीवरच्या शिंपल्यांच्या चित्राकडे टक लावून पाहत होता. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता, कुणाचा तरी विसरून राहिलेला असावा तसा.

समुद्र ह्या बेटावर विकत घ्यावा लागत नाही. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवरची ओली वाळूही सगळ्यांची. क्लबकडे होत्या त्या खुर्च्या, सावल्या, आणि फाटकापासून समुद्राकडे उतरत गेलेली शंभर पावलांची लाकडी फळ्यांची वाट. लोकांसाठी ठेवलेली वाट कुंपणाला वळसा घालून दगडांतून जायची. तिथून व्हीलचेअर जात नाही, हे इस्मेनं दोनदा प्रयत्न करून पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी पुढचं चाक वाकलं होतं. म्हणजे तिला विकत घ्यायच्या होत्या त्या एवढ्या फळ्याच, आणि त्याही एकाच माणसासाठी. एका पट्टीहून जास्तीचे पैसे तिच्या पिशवीत नव्हते.

मंगळवारी बेटावरच्या माणसांना सवलत असे, आणि हा नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार होता. पुढच्या आठवड्यात पर्यटकांचा मोसम सुरू होणार, सवलतीचा फलक जूनपर्यंत आत ठेवला जाणार. जूनपर्यंत कार्लाइलमध्ये काय उरेल, हे ती स्वतःशीसुद्धा बोलत नव्हती. चाळीस वर्षं त्यानं ह्याच पाण्यात उडत्या माशांमागे होडी घातली. अर्धांगाचा झटका आला त्यानंतर पहिलं वर्षभर तो घराच्या पायरीवरून समुद्राकडे पाहत बसे. मग एका सकाळी त्यानं खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे केलं, ते तसंच राहिलं. त्या सकाळी तिनं ठरवलं होतं, ह्याला एकदा तरी पाण्यात न्यायचं.

"व्हीलचेअर असली तर सोबत माणूस लागतो," नीशेल म्हणाली. आवाजात कठोरपणा नव्हता. पाठ केलेलं बोलावं तसं ती बोलत होती. "आणि त्या माणसालाही पट्टी लागते. पट्टीशिवाय फळ्यांवर किंवा आमच्या वाळूवर पाय ठेवला, तर पूर्ण दर पडतो. मंगळवारचा नाही."

"चल घरी, इस्मे," कार्लाइल चित्राकडे पाहतच म्हणाला. झटक्यानंतर त्याचे शब्द एका बाजूनं झिजल्यासारखे यायचे. "मी काय टपालातलं पार्सल आहे? इकडून टाका, तिकडून उचला."

"पार्सल निदान गप्प बसतं," इस्मे म्हणाली.

फाटकाशी स्टुलावर बसलेला पहारेकरी हसला. बॉइस त्याचं नाव. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी. तो उठून जवळ आला.

"कप्तानांना मी नेतो खाली. फाटक कुठे पळून जात नाही."

"तुमची ड्यूटी फाटकावर आहे, मिस्टर बॉइस."

"पोरी, ह्यांच्या होडीवर मी सहा दिवस काम केलंय. सहाही दिवस ओकत होतो. सातव्या दिवशी हे म्हणाले, बाबा रे, तू जमिनीवरचं काहीतरी बघ. तेव्हापासून तीस वर्षं मी जमिनीवर बसून पगार खातोय. माझ्यावर उपकार आहेत ह्यांचे."

"ह्यानं मासे पकडले नाहीत," कार्लाइलनं पहिल्यांदाच मान वळवली. "ह्यानं मासे पोसले."

नीशेलनं ओठ दाबले. हसू होतं की वैताग, ते कळलं नाही. तिनं निळी पट्टी कार्लाइलच्या मनगटाला, त्या विसरलेल्या हाताला, हलकेच गुंडाळली. "फळ्यांच्या टोकापर्यंतच," ती बॉइसला म्हणाली.

इस्मे वळसा घालून निघाली. खांद्यावर पिशवी, पिशवीत पावात घातलेला तळलेला मासा, झाडाच्या सालीच्या कडसर मॉबी सरबताची बाटली, आणि दोन टॉवेल. दोन भिंतींच्या मधून जाणारी वाट इतकी अरुंद की पिशवी घासत होती. खोडावर तांबडा पट्टा ओढलेलं मँचिनीलचं झाड आलं तेव्हा ती वाकून झपझप पुढे झाली; त्या पानांवरून ओघळलेला थेंबही कातडी भाजतो. पुढे दगड. गुडघे तक्रार करत होते. ती प्रत्येक दगडाचे मनातल्या मनात आभार मानत गेली, कारण त्यांच्या पलीकडे पाणी होतं आणि पाण्याशी कार्लाइल असणार होता.

आणि तिथे पोचल्यावर तिला आपली चूक दिसली.

फळ्या पाण्यापर्यंत जात नव्हत्या. त्या वर, वाळूतच संपत होत्या. शेवटच्या फळीवर कार्लाइल खुर्चीत बसला होता, मागे बॉइस उभा होता, आणि त्यांच्यापासून ओल्या वाळूच्या रेघेपर्यंत मऊ, कोरडी, चाक गिळून टाकणारी वाळू पसरली होती. एकतीस वर्षं तिच्याकडे टॉवेल ओलेचिंब होऊन येत होते, म्हणून तिनं मनाशी धरलं होतं की वाट थेट पाण्यात उतरते. पुढच्या अंगाला ती कधी आलीच नव्हती. तिनं नजरेनं मोजलं. अकरा पावलं.

बॉइसच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. फाटकाशी पाहुण्यांची गाडी आली होती. "अर्ध्या तासात येतो," तो ओशाळून म्हणाला. "उचलून नेलं असतं, पण माझी कंबर..."

"जा तू. आणि मागे वळून समुद्राकडे बघू नकोस," कार्लाइल म्हणाला. "तुला लगेच मळमळतं."

बॉइस गेला. नवराबायको अकरा पावलांच्या दोन बाजूंना राहिले. त्याच्याकडे पट्टी होती आणि पाय नव्हते. तिच्याकडे पाय होते.

तिनं पिशवीतून टॉवेल काढले. कडा विरलेले, निळा पट्टा उडून करडा झालेला. लाँड्रीत बाद झालेले टॉवेल बायकांना घरी नेता येत. इस्मेच्या घरी लेकरांच्या अंगापासून होडीच्या फळ्यांपर्यंत जे काही पुसलं गेलं, ते असल्या बाद टॉवेलांनी. तिनं ते समुद्रात बुडवले. ओलं कापड किती जड होतं आणि कसं धरून ठेवतं, हे तिच्या मनगटांना ठाऊक होतं. मग ती रेघ ओलांडून क्लबच्या वाळूवर आली.

"ती पोरगी वरून बघतेय," कार्लाइल म्हणाला.

खरंच, फळ्यांच्या वरच्या टोकाला नीशेल उभी होती.

"बघू दे. लाँड्रीत कुणी बघतच नव्हतं."

एक टॉवेल तिनं चाकांपुढे आडवा पसरला, दाबून बसवला, आणि खुर्ची ढकलली. चाकं ओल्या कापडावर चढली, थबकली, रुतली नाहीत. पुढे दुसरा टॉवेल. खुर्ची त्यावर. मागचा उचलायचा, वाळू झटकायची, पुन्हा पुढे पसरायचा. खुर्चीत टेकून पडलेल्या एका परदेशी बाईनं काळा चष्मा वर केला आणि परत खाली घेतला. ऊन मानेवर होतं. इस्मेच्या श्वासाचा आणि झटकलेल्या कापडाचा आवाज एक झाला होता, आणि त्या आवाजात तिची सगळी वर्षं होती, एकावर एक, घड्या घातल्यासारखी.

"राजाच्या पायाखाली असंच कापड घालतात," सहाव्या पावलाला कार्लाइल म्हणाला.

"राजा रोज सकाळी एवढं खात नसेल."

"इस्मे."

"काय?"

"दम घे."

तिनं दम घेतला. तो तिला दम घे म्हणाला, ह्याला किती दिवस झाले होते, हे तिला आठवेना.

ओली वाळू लागली तशी खुर्ची एकाएकी हलकी झाली. पाण्याच्या काठाशी तिनं त्याला काखेत धरून टॉवेलवर उतरवलं, आणि दोघं मुलांसारखी बसून राहिली, लाट यायची वाट पाहत. पहिली लाट टाचांना शिवून गेली. दुसरीनं त्याची मांडी भिजवली. तिसरीनं त्याला उचललं. दोन वर्षं तिच्या खांद्यावर, कमरेवर, झोपेवर असलेलं ते सगळं वजन पाण्यानं काही न विचारता आपल्याकडे घेतलं.

तो तरंगत होता. उजवा हात पाण्यात मोकळा झाला होता आणि लाटेबरोबर वरखाली होत होता. बघणाऱ्याला वाटावं, तो स्वतःहून हलतो आहे.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "खारट," मग म्हणाला.

ती छातीभर पाण्यात त्याला धरून उभी होती. ह्याहून खोल ती कधी गेली नव्हती. कोळ्याची बायको असून तिला पोहता येत नसे. सगळ्या वस्तीत त्यावरून चेष्टा चाले. एक मोठी लाट आली, तिचे पाय सुटले, आणि ती घाबरून त्याच्या गळ्यात पडली. त्यानं डाव्या हातानं तिच्या पाठीला आधार दिला.

"मान सैल सोड," तो म्हणाला. आवाज होडीवरचा होता, न झिजलेला. "आकाशाकडे बघ. मी धरलंय."

तिनं मान सोडली. कानांत पाणी शिरलं आणि जग बंद झालं. वर निळ्याचा एवढा मोठा तुकडा, एकही डाग नसलेला. तिला वाटलं, आपण कुणाकडे तरी आभार पोचवायला हवेत, पण तिथवर जाणारा शब्द आपल्याला कुणी शिकवलेला नाही. तिनं डोळे मिटले. पाठीखाली तो हात होता. ती रडली असेल तर समुद्रात ते वेगळं ओळखू आलं नसतं.

पुढे ओल्या वाळूवर बसून त्यांनी पाव आणि मासा खाल्ला. बाहेरचं खाणं आणू नये, अशी पाटी फळ्यांच्या टोकाला होती.

"हे चालतं?" त्यानं तोंड भरलेलं असताना विचारलं.

"भरतीची रेघ बघ. तुझ्या मागे आहे." तिनं त्याच्या हनुवटीवरचा काटा काढला. "इथे तू सरकारचा पाहुणा आहेस."

तो हसला. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण त्या अर्ध्यात पूर्ण.

परत जायची वेळ झाली तेव्हा इस्मेच्या हातांत बळ उरलं नव्हतं. टॉवेल वाळूनं जड झाले होते, पसरताना बोटं मिटत नव्हती. दोन पावलं झाली आणि खुर्ची तिरकी बसली. तिनं वर पाहिलं. फळ्यांवरून बॉइस येत होता, आणि त्याच्या मागून नीशेल, हातात चपला घेऊन.

कोणी काही ठरवलं नाही. बॉइसनं खुर्चीची एक बाजू धरली, नीशेलनं दुसरी, इस्मेनं मागून. उरलेली नऊ पावलं कशी सरली ते कळलंही नाही. त्यांनी कार्लाइलला सावलीतल्या लांब खुर्चीवर निजवलं. "पट्टी आहे, खुर्ची आहे," बॉइस धापा टाकत म्हणाला. कार्लाइलनं पडल्या पडल्या मान वळवली, समुद्राच्या बाजूला, आणि तशीच ठेवली.

इस्मे शेजारी वाळूत उभी होती. झगा अंगाला चिकटला होता, वारा सुटला होता, दात वाजत होते. तिनं आपलं उघडं मनगट नीशेलसमोर धरलं.

"मी तुमच्या वाळूवर चालले, पोरी. वर अकरा, खाली अकरा, पुन्हा वर अकरा. पूर्ण दर किती ते सांग."

नीशेलनं मनगटाकडे पाहिलं. मग ती वळून टॉवेलांच्या लाकडी कपाटापाशी गेली आणि एक टॉवेल घेऊन आली. नवा, जाड, तीन घड्यांचा, निळा पट्टा बाहेरच्या बाजूला. ती घडी इस्मेची होती. तिनंच ती नव्या बायकांना शिकवली होती, त्यांनी त्यांच्यानंतरच्यांना. पट्टा बाहेर असला की पांढरं मळत नाही. मुलीनं घडी उलगडली आणि टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला. एकतीस वर्षं इस्मेनं हे टॉवेल धुतले, वाळवले, गालाला लावून ओल गेली का ते पाहिलं. असल्या नव्या टॉवेलानं तिनं स्वतःचं अंग कधी पुसलं नव्हतं.

"मग ह्याचेही पैसे धरून सांग," ती म्हणाली.

नीशेलनं तिच्या गळ्याशी टॉवेलची दोन्ही टोकं नीट जुळवली, वाळूत ठेवलेल्या चपला उचलल्या, आणि अनवाणीच फळ्या चढू लागली.