कांताक्काचा दुसरा पडदा

निपाणीच्या कांताक्का चौगुले तीस वर्षं हौशी नाटकांतून कामं करत आल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत घरची जेवणं उरकायची आणि तालमीला पळायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी कसल्याशा तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत त्यांचे कान गेले. उजवा पुरता, डावा बाराआणे. कानात यंत्र बसवलं. पण रंगमंचावरचे मोठे स्पीकर सुरू झाले की त्यात नुसता कल्लोळ व्हायचा. समोरचा माणूस तोंडाकडे तोंड करून बोलला तर ओठांवरून कळे. बाकी सगळं मुकं.

आणि नेमकं यंदाच्या स्पर्धेसाठी पार्श्वनाथनं निवडलेलं नाटक होतं एकट्या आईचं. मुलगा परदेशात, आई फोनवर. मुलगा दिसतच नाही, त्याचा आवाज तेवढा ध्वनिमुद्रित केलेला.

"पार्श्वा, दुसरी कोण तरी बघ," कांताक्का म्हणाल्या. "तो काय बोलला, कवा थांबला, मला कसं कळणार? सगळ्यांचं वाटोळं करू व्हय?"

पार्श्वनाथ दिग्दर्शक होता, पण मुळात त्यांच्याच गल्लीतला. त्यांच्यापुढं येऊन तो सावकाश म्हणाला, "आक्का, तुम्ही न्हाय तर नाटक न्हाय. बेळगावच्या रचनाला बोलावलंय. आधी ती काय म्हणत्या बघूया."

टिळकवाडीची रचना नाटकांचा प्रकाश आणि आवाज सांभाळायची. तिच्या लॅपटॉपवर अख्खं नाटक ओळीनं मांडलेलं असे. घंटा, फोन, मुलाचं एकेक वाक्य, दिवे. बटण दाबलं की पुढची गोष्ट घडे. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून टॅब काढला आणि बिनवायरीचा लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपवर दिसत होतं तेच टॅबवर आलं. मुंगीएवढी अक्षरं, शंभर ओळी.

कांताक्का हसल्या. "ह्यापेक्षा ऐकू येणं सोपं गं."

"थांबा, आक्का. हा आरसा झाला. आपल्याला दुसरा पडदा पाहिजे."

रचनानं काहीतरी बदललं. आता लॅपटॉपवर तिची यादी राहिली आणि टॅबवर एकच खिडकी सरकून आली. काळ्यावर पिवळी, बोटभर अक्षरं: 'मुलगा बोलतोय'. खाली उलटे मोजत जाणारे सेकंद. सात, सहा, पाच... शून्य झालं, पडदा काळा. कांताक्कांनी आपसूक आपलं वाक्य म्हटलं. पार्श्वनाथनं टाळी वाजवली. ती त्यांना ऐकू आली नाही. पण त्याचे हात दिसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

महिनाभर तालमी झाल्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला काळ्या खोक्यात टॅब ठेवायचा, उजेड इतका कमी की प्रेक्षकांना दिसू नये. तालमीच्या हॉलचं वायफाय अडखळायला लागलं, तशी रचनानं स्वतःचा छोटा राउटर आणला.

स्पर्धेचा प्रयोग बेळगावात दुपारी तीनला होता. नाट्यगृह भरलेलं. पहिला अंक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. दुसऱ्या अंकात फोनचा मोठा प्रवेश सुरू झाला आणि टॅबवरचा आकडा चारवर थांबला. चार. चारच. कांताक्कांनी मनातल्या मनात मोजलं, अंदाजानं वाक्य टाकलं, आणि पायाखालची जमीन सरकली. पुढं काय? तो बोलतोय की थांबलाय? रिसीव्हर कानाला लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात टेबलावरचा दिवा हळूच उजळला. नाटकात तो तसा उजळणार नव्हता. काही क्षणांनी तो मंदावला. कांताक्का बघत राहिल्या. पुन्हा उजळला, पुन्हा मंदावला. वर, प्रेक्षागृहाच्या पाठीमागच्या खोलीत रचना बसलेली होती, हे त्यांना एकदम आठवलं. पोरगी बोलत होती त्यांच्याशी! उजळला म्हणजे मुलगा बोलतोय. मंदावला म्हणजे आई, तुझी पाळी.

त्यांनी वाक्य म्हटलं. दिवा उजळला. सगळा प्रवेश असाच पार पडला. त्यांचं वाक्य संपेपर्यंत रचना मुलाचा आवाज रोखून धरी, आणि दिवा मंदावेपर्यंत त्या थांबत. शेवटाला टॅबही जागा झाला, पण कांताक्कांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पडदा पडल्यावर एक परीक्षक आत आले. मुलगा बोलताना आईच्या घरातला दिवा उजळतो, ही दिग्दर्शकाची कल्पना फार आवडली म्हणाले. पार्श्वनाथनं हात जोडले. "साहेब, ती माझी न्हाय. वर बसलीय तिची हाय."

ते ओठ वाचून कांताक्का तशाच नाटकातल्या लुगड्यात लोखंडी जिना चढायला लागल्या. गुडघे कुरकुरत होते. तीस वर्षांत कुठल्याच नाट्यगृहाच्या त्या खोलीत त्या कधी गेल्या नव्हत्या. वर कोणी असतं, एवढंच ठाऊक. आत एक खुर्ची, एक बंद पडलेला पंखा, आणि घामानं चिंब झालेली रचना.

"लई उपकार झाले गं बाई," म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. "आज तू नसतीस तर मी उभी ऱ्हायले नसते."

रचना त्यांच्या खांद्यावर काहीतरी पुटपुटली.

"दिसलं न्हाय. परत सांग."

रचनानं तोंड पुसलं, लॅपटॉपच्या उजेडात चेहरा आणला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आक्का, दहा वर्षांत नटांपैकी कोणी वर आलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच."

कांताक्कांनी पदरानं तिचं कपाळ टिपलं. खालून पार्श्वनाथ हाका मारत होता. पुढचा संघ खोळंबला होता, सामान हलवायचं होतं. ते रचनानंच त्यांना हातवारे करून सांगितलं. मग राउटर एकीच्या हातात, वायरींची पिशवी दुसरीच्या, अशा दोघी एकमेकींना धरत जिना उतरल्या.